पिवळी हिरवळ आधी उकरून बघा

अंगणातल्या हिरवळीत पिवळा डाग दिसला की बहुतेक जण आधी पाणी वाढवतात, मग युरिया टाकतात आणि तरीही डाग पसरला तर नर्सरीतून नव्या लॉनचे तुकडे आणून वर अंथरतात. या सगळ्याच्या आधी खुरपं हातात घ्यायला हवं. हिरवं संपून पिवळं सुरू होतं, नेमकं तिथे वीतभर लांबरुंद आणि चार बोटं खोल उकरून बघा. गवताचं दुखणं पात्यावर दिसतं, पण बरेचदा मूळ मातीत असतं.

उकरण्याआधी गवत मुठीत धरून हलकेच ओढा. ते सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं, तर खालची मुळं कोणीतरी खाल्ली आहेत. मातीत अर्धगोल वाकलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची अळी सापडली तर ती हुमणी. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात आणि पुढे मातीत अंडी घालतात. म्हणून नुकसान पावसाळ्याच्या उत्तरार्धात उघडं पडतं. घरच्या जागेत अळ्या हातानं वेचता येतात. मेटारायझियम ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून टाकली तर तीही उपयोगी पडते. ऊठसूट जहाल कीटकनाशक ओतू नये; त्याच मातीत गांडुळं असतात आणि तिथेच मुलं खेळतात.

खुरपं खणकन वाजलं, तर प्रश्न वेगळा. नव्या बांधकामांभोवती राडारोडा पसरून वर जेमतेम चार-पाच इंच लाल माती टाकलेली अनेकदा आढळते. तेवढ्या थरात ओल टिकत नाही. तिथे खत घालत बसण्यापेक्षा फूटभर खणून विटा-सिमेंटचे तुकडे काढावेत आणि पोयटा व कुजलेलं शेणखत भरावं. माती चांगली पण दगडासारखी घट्ट झाली असेल, तर वाफसा असताना फोर्कनं वीत-वीत अंतरावर भोकं पाडून त्यांत शेणखत आणि जाड वाळू सारावी. काळी माती चिकट ओली असताना मात्र तिला हात लावू नये, ती आणखी घट्ट बसते.

मुळं आणि माती ठीक असतील तर पात्याकडे वळा. खालची जुनी पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. 100 चौरस फुटांना 50 ग्रॅम युरिया ओलसर मातीत मिसळून कोरड्या पात्यांवर सारखा फेकावा आणि लगेच पाणी द्यावं. कोवळी पाती पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिथे लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घालून फवारतात.

आता ठिगळ. हिरवळ हरळीची असेल तर तिची एक धावती काडी उचलून बघा: दर बोट-दोन बोटांवर एक पेर, पेरातून वर पाती, खाली पांढरी मुळं. प्रत्येक पेर म्हणजे एक नवं झाड होऊ शकतं. शेतकऱ्याला हरळी हटवताना नाकीनऊ येतात ते याच गुणामुळे, आणि आपली हिरवळ दुरुस्त होते तीही याच गुणावर. जूनचे पहिले चांगले पाऊस झाले की दोन-तीन पेरांच्या काड्या कापून चार-चार बोटांवर खोचाव्यात, एक पेर मातीत आणि टोक वर. मग पायानं दाबून घ्यावं, म्हणजे मुळांना माती चिकटते. नर्सरीच्या तयार तुकड्यांपेक्षा मला हेच पसंत. त्या तुकड्यांच्या मातीतून लव्हाळा हे तण अंगणात येऊ शकतं. लव्हाळा नुसता उपटला तर पात तुटते आणि गाठ खाली राहते. पावसानंतर माती मऊ असताना गाठीसकट खणून काढणं, आणि तेही पुन्हा पुन्हा, एवढंच हाती आहे.

कापणी वरचेवर आणि थोडी थोडी. उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कधीच कापू नये. सहा सेंटीमीटरचं गवत चारवर आणावं. खरवडून कापलं की मुळांना पोसायला पान उरत नाही आणि उघड्या जागेत तण शिरतं. कापल्यावर टोकं पांढरट, चिंध्या झाल्यासारखी दिसली तर यंत्राचं पातं बोथट आहे. आंब्याच्या गर्द सावलीत मात्र हरळीचा हट्ट सोडावा, तिला निम्मा दिवस तरी ऊन लागतं.

पाणी रोज शिंपडू नये. आठवड्यातून एक-दोनदा, खोलवर ओल पोचेल असं द्यावं. मे महिन्यात टंचाई असेल तर हिरवळ तपकिरी होऊ द्यावी. पेराजवळ काडी नखानं खरवडा: आत पांढरट-हिरवट आणि टणक लागली तर ती जिवंत आहे. तिच्यासाठी टँकर मागवायची गरज नाही, पाऊस सुरू झाला की ती त्याच पेरांतून फुटते.