ठासणीची बंदूक आणि तिची गोळी



ज्या बंदुकींत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजानें ठासावी लागते, तिला आपण ठासणीची बंदूक म्हणतों. आज ती बहुधा संग्रहालयाच्या कपाटांत पाहावयास मिळते. परंतु ती केवळ पाहण्याची वस्तु झालेली नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अनेकांत हरणांच्या शिकारीसाठीं अशा बंदुकांचा वेगळा हंगाम राखून ठेवलेला आहे, आणि तेथील शिकाऱ्याला दरवर्षीं तोच जुना प्रश्न पडतो : माझ्या नळीला कोणती गोळी नीट बसेल? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. युरोपांतील सैन्यांनीं त्यावर एकोणिसाव्या शतकाचीं पहिलीं पन्नास वर्षें डोकें चालविलें. आणि त्याचें जें उत्तर १८५३ सालीं इंग्लंडांत पुढें आलें, त्याचा चटका चारच वर्षांनीं हिंदुस्थानांत जाणवला.

अडचण अशी आहे. गोळी आंत जातांना सैल असावी, म्हणजे ती लवकर भरतां येते. आणि बाहेर पडतांना घट्ट असावी, म्हणजे दारूचा वायु तिच्या कडेनें निसटत नाहीं व तिची दिशाहि ढळत नाहीं. पाठीमागून भरावयाच्या बंदुकींत गोळीला एकाच दिशेनें जावयाचें असतें, म्हणून तेथें हा पेंच उद्भवत नाहीं. ठासणीच्या बंदुकींत मात्र जाण्याची आणि येण्याची वाट एकच. त्यांत आणखी काजळीची भर. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपांतच उरतो. त्यांतील बराचसा धुराबरोबर उडून जातो, पण कांहीं नळीला आंतून चिकटून बसतो. म्हणून पहिल्या वेळीं सहज उतरलेली गोळी दहाव्या वेळीं अर्ध्या वाटेवर अडते.

जुन्या काळीं या अडचणीचीं दोन टोकांचीं उत्तरें होतीं. इंग्रजी पायदळाची ‘ब्राउन बेस’ नांवाची बंदूक घ्या. तिची नळी सुमारें पाऊण इंच व्यासाची, आणि गोळी ०.६९ इंचाची, म्हणजे दोहोंत इंचाच्या सोळाव्या हिश्शाएवढी फट. भरणें सोपें, पण गोळी नळींत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे, आणि शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यांत अर्थ नसे. दुसरें टोक रायफलचें. रायफलच्या नळींत पेंचदार खांचा असतात; त्यांना गोळी घट्ट धरून चालली तरच ती भोंवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. १८०० सालीं इंग्रज सैन्यानें बेकर रायफल स्वीकारली, तेव्हां गोळी चरबी लावलेल्या चकतींत गुंडाळून ठासावी लागे. आणि ती इतकी घट्ट बसे, कीं आरंभीं कांहीं शिपायांना त्यासाठीं लहान लाकडी हातोडे देण्यांत आले होते. नेम उत्तम साधे, परंतु भरण्यांत वेळ जाई.

गोल गोळी आणि चकती ही जोडी आजहि चांगलें काम देते. अर्ध्या इंचाच्या नळीला साधारणपणें ०.४९० इंचाची गोळी, आणि उरलेली फट भरून काढण्यास घट्ट विणीच्या सुती कापडाची तेलकट चकती घेतात. येथें खांचांना गोळी नव्हे, तर कापड धरतें. उडालेली चकती जमिनीवरून उचलून पाहिली, तर ती खरी साक्ष देते. ती अखंड, किंचित् काळवंडलेली असेल, तर निवड बरोबर. भोंकें पडून जळलेली असेल, तर कापड पातळ तरी आहे किंवा वंगण कमी पडलें आहे. कृत्रिम धाग्याचें कापड मात्र घेऊं नये. तें उष्णतेनें वितळतें.

खरी क्रांति झाली ती गोळी स्वतः फुगविण्याच्या कल्पनेनें. फ्रेंच सेनाधिकारी क्लोद मिन्ये याची १८४९ सालची गोळी लांबट, टोंकदार आणि बुडाशीं पोकळ होती. तिचा व्यास नळीपेक्षां किंचित् कमी, म्हणून ती गजाच्या हलक्या दाबानें खालीं जाई. दारू पेटतांच वायूचा दाब बुडांतील पोकळींत शिरे, मऊ शिशाचा कांठ पसरे आणि खांचांत जाऊन बसे. जातांना सैल, येतांना घट्ट! मिन्येनें पोकळींत लोखंडी वाटी बसविली होती. पुढें अमेरिकेंत जेम्स बर्टन यानें वाटीवांचूनहि हें साधतें असें दाखविलें. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत दोन्ही बाजूंनीं मुख्यतः याच जातीची गोळी वापरली.

या गोळीची निवड करतांना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शिसें शुद्ध आणि मऊ हवें. कथील किंवा अँटिमनी मिसळलेलें कठीण शिसें फुगतच नाहीं. आणि दारू बेताची हवी. ती फार झाली, तर बुडाचा पातळ कांठ फांटतो व गोळी वेडीवांकडी जाते.

आतां १८५३ च्या एनफील्ड रायफलीकडे वळूं. तिची नळी ०.५७७ इंचाची, आणि आरंभींची गोळी ०.५६८ इंचाची. फरक इंचाच्या शंभराव्या हिश्शाहूनहि थोडा कमी! एवढ्या फटींतून काजळीनें भरलेल्या नळींत गोळी उतरावी, म्हणून काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूनें वंगण लावीत. आणि तो कागद गोळीसह आंत जाई. काडतुसाचें दुसरें टोंक दांतांनीं फाडून दारू नळींत ओतावयाची अशी कवाईत होती. हें वंगण चरबी आणि मेण यांचें असे. हिंदुस्थानांत तें तयार करतांना चरबी कोणत्या जनावराची, याची चौकशी सरकारी अधिकाऱ्यांनीं केली नाहीं. आणि गाय व डुक्कर यांच्या चरबीची वार्ता जानेवारी १८५७ मध्यें डमडमहून पसरली. पुढें शिपायांनीं आपलें वंगण आपण लावावें, काडतूस हातानें फाडावें, अशा सवलती देण्यांत आल्या. परंतु विश्वास उडाला होता. २४ एप्रिल रोजीं मीरत येथें ८५ स्वारांनीं जीं काडतुसें नाकारलीं, तीं तर नव्या तऱ्हेचीं नव्हतींच. १० मे रोजीं तेथें उठाव झाला. त्याचीं कारणें अनेक आणि खोल होतीं. तरी ठिणगी पडली ती शंभरांश इंचाची फट भरण्याच्या खटपटींतून. भरण्याची अडचण राहिलीच, आणि १८५९ सालीं गोळीचा व्यास ०.५५० इंचावर आणण्यांत आला.

आधुनिक शिकाऱ्यानें तिसरा मार्ग काढला आहे. त्याचें नांव ‘साबो’. फ्रेंच भाषेंत साबो म्हणजे लाकडी जोडा. पूर्वीं तोफेच्या गोळ्याखालीं लाकडी बैठक बांधीत, तिला हें नांव पडलें. आजचा साबो म्हणजे पाकळ्या असलेला प्लॅस्टिकचा पेला. अर्ध्या इंचाच्या नळींत ०.४५ इंचाच्या सुमाराची गोळी या पेल्यांत बसवून भरतात. खांचांना पेला धरतो, आणि तोंडाबाहेर पडतांच पाकळ्या उघडून तो मागें गळतो. येथें गोळीइतकीच पेल्याची जाडीहि महत्त्वाची असते. एकाच नांवाच्या दोन नळ्यांत इंचाच्या हजाराव्या हिश्शांचा फरक असतो. म्हणून शेजाऱ्याच्या बंदुकींत लोण्यासारखा जाणारा साबो आपल्या बंदुकींत अडकूं शकतो. शिवाय सतत बार काढून तापलेल्या नळींत प्लॅस्टिक मऊ पडून अडखळतें. नळी निवूं द्यावी, हाच त्यावर उपाय.

नळीचा पेंचहि विचारांत घ्यावा. गोल गोळीला सावकाश पेंच मानवतो, ४८ ते ६६ इंचांत एक फेरा. लांब गोळीला व साबोला जलद पेंच लागतो, सुमारें २८ इंचांत एक फेरा. नळी एका जातीची आणि गोळी दुसऱ्या जातीची घेतली, तर ती भरली जाईल, पण लागणार नाहीं.

मग योग्य निवड ओळखावी कशी? नळीचा व्यास मोजून दोन-तीन मापांच्या गोळ्या घ्याव्या. गोळी गजाच्या एकसारख्या दाबानें खालीं गेली पाहिजे. ठोकावी लागली, तर ती मोठी आहे. आणि बंदूक खालीं झुकवितांच घसरली, तर ती लहान आहे. ही दुसरी चूक अधिक भयंकर. दारू आणि गोळी यांच्यामध्यें मोकळी जागा राहिली, तर नळी फुगते, प्रसंगीं फुटते, आणि हात किंवा डोळा गमवावा लागतो. अर्ध्यावर अडकलेल्या गोळीचीहि तीच गोष्ट. म्हणून गोळी दारूवर टेकली असतां गज जेथपर्यंत बाहेर राहतो, तेथें खूण करून ठेवावी, आणि प्रत्येक वेळीं ती पडताळून पाहावी. दर बारानंतर ओलसर व मग कोरडें फडकें नळींतून फिरवावें. काळ्या दारूसाठीं घडविलेल्या बंदुकींत धूररहित दारू कदापि घालूं नये. आणि आपल्याकडे ठासणीची बंदूक झाली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना लागतोच, हेंहि विसरूं नये.

चकती, पोकळ बूड, वंगण लावलेला कागद आणि साबो, हीं सारीं एकाच प्रश्नाचीं उत्तरें आहेत. त्यांपैकीं एकहि सर्व नळ्यांना लागू पडत नाहीं. प्रत्येक नळी आपली गोळी आपणच सांगते; गज धरणाऱ्या हातानें मात्र तिचें ऐकलें पाहिजे, आणि जेथें हात अडतो तेथें जोर न करतां गोळी बदलली पाहिजे.