जुन्या मोटरीच्या जागी नवी

कारखान्यातील मोटर जळाली की काम खोळंबते आणि तेवढ्याच अश्वशक्तीची दुसरी मोटर तातडीने आणून बसविली जाते. घाईने केलेल्या या निवडीचे परिणाम मात्र अनेक वर्षे भोगावे लागतात.

निवडीचा प्रारंभ जुन्या मोटरीच्या नामपट्टीपासून होतो. तीवर किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, दर मिनिटाचे फेरे आणि चौकटीचा क्रमांक दिलेला असतो. चौकट क्रमांक १६० याचा अर्थ, मोटरीच्या दांड्याचा मध्य तिच्या पायापासून १६० मिलिमीटर उंचीवर आहे. ही उंची जुळविली नाही, तर मोटर व यंत्र यांचे दांडे एका रेषेत येत नाहीत आणि बेअरिंगे लवकर झिजतात.

परंतु नामपट्टी जुनी मोटर कशी होती एवढेच सांगते. यंत्राची गरज सांगत नाही. ती गरज, यंत्र चालू असताना केलेल्या विद्युत्‌प्रवाहाच्या नोंदींवरून कळते. गरजेहून फार मोठी मोटर अल्प भारावर चालते व तिचा शक्तिगुणक खालावतो. लहान मोटर तापते. आणि दर १० अंश सेल्सिअस वाढीव तापमानामागे वेटोळ्यांवरील विद्युत्‌रोधकाचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते.

कार्यक्षम मोटरीचा लाभ मोठा आहे. पूर्ण भारावर वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या १५ किलोवॅटच्या मोटरीची कार्यक्षमता ८९ टक्क्यांऐवजी ९२ टक्के असेल, तर सुमारे ३,३०० युनिट वीज वाचते. खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते. विजेचे देयक दरमहा येते.

येथेही सावधगिरी हवी. कार्यक्षम मोटर बहुधा किंचित अधिक वेगाने फिरते. केंद्रोत्सारी पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १,४४० फेऱ्यांच्या जागी १,४६५ फेरे झाले, तर वेग पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, पण शक्ती पाच टक्क्यांनी. अशा वेळी पंपाचा इंपेलर योग्य तेवढा लहान केला नाही, तर अपेक्षित बचत नाहीशी होते.

अखेरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: जुनी मोटर जळाली कशामुळे? तीन तारांपैकी एकीचा पुरवठा तुटला होता काय? की धुळीने हवेचा मार्ग बुजला होता? मूळ कारण तसेच राहिले, तर उत्तम प्रतीची नवी मोटरही जुनीच्याच वाटेने जाते.