तिघांची झडप

ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या दप्तरात रोआल्ड डाल यांचे एखादे पुस्तक हमखास सापडते. मुलांच्या शस्त्रक्रियेत वापरल्या गेलेल्या एका झडपेलाही याच लेखकाचे नाव आहे, हे मात्र पालकांना क्वचितच ठाऊक असते.

डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली आणि डाल यांचा चार महिन्यांचा मुलगा थिओ याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्यातून मेंदूत पाणी साचू लागले. वैद्यकात यास हायड्रोसेफॅलस म्हणतात. साचलेला द्रव बारीक नळीवाटे, म्हणजे शंटमधून, शरीरात अन्यत्र वळवणे हा त्यावरचा उपाय. नळीतील झडप द्रवाला एकाच दिशेने जाऊ देते. थिओच्या नळीतील झडप वारंवार तुंबे. कवटीतील दाब वाढे, बाळाची दृष्टी जाई आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे.

कुटुंब इंग्लंडला परतले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयातील मेंदूशल्यविशारद केनेथ टिल यांना या दोषाची पूर्ण जाण होती: इजा झालेल्या मेंदूतील द्रवात रक्ताचे व पेशींचे अवशेष असतात आणि अरुंद फट त्यांनी बुजते. स्टॅन्ली वेड हे द्रवयंत्रणेचे अभियंते. प्रतिकृती-विमानांच्या इंजिनांसाठी ते इवलेसे पंप बनवत. विमाने उडवण्याच्या छंदातून डाल त्यांना ओळखत होते. वेड यांनी सिलिकॉन रबराच्या आखूड नळीच्या दोन्ही टोकांना धातूची एकेक चकती बसवली. वरून दाब आला की चकती सरकून वाट मोकळी होई, उलटा प्रवाह आला की बंद.

डाल यांनी झडप 'शोधली' असे सर्रास लिहिले जाते, ते मला पटत नाही. त्यांनी ना आराखडा केला, ना शस्त्रक्रिया. परंतु बापाची निकड, डॉक्टरचे निरीक्षण आणि कारागिराचा हात त्यांनी एकत्र आणले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे वापरकर्त्याची अडचण चार हातांतून फिरून येते. येथे मध्ये कोणीच नव्हते. (ज्यूंविषयीची याच लेखकाची विधाने निंद्य होती, कुटुंबीयांनी २०२० मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. हेही मुलांना सांगावे.)

१९६२ मध्ये ही झडप प्रथम एका बालकाला बसवली गेली; १९६४ मध्ये टिल यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे वर्णन केले. तोवर थिओ इतका सुधारला होता की त्याला तिची गरजच उरली नाही. तिघांनीही नफा घ्यायचा नाही असे ठरवले होते. दोन-तीन हजार मुलांना ती बसवली गेल्याचे सांगतात.

पुढे अधिक चांगल्या झडपा आल्या. काहींचा दाब आता त्वचेबाहेरून चुंबकाने बदलता येतो. तरीही शंट आजही तुंबतात. शंट असलेल्या मुलाला वाढती डोकेदुखी, उलट्या वा असाधारण गुंगी आल्यास विलंब न करता रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा, आणि आपले मूल एरवी कसे असते व आज कसे आहे, हे तेथे स्पष्ट सांगावे.