हॅनिबल विरुद्ध सुबुताई

कार्थेजचा हॅनिबल आणि मंगोल सेनानी सुबुताई समोरासमोर आले असते तर? माझा कौल सुबुताईला, पण मैदान मोकळं असेल तरच.

इ.स.पू. २१६ मध्ये रोमनांविरुद्ध कॅनीच्या लढाईत हॅनिबलने मधली फळी मुद्दाम मागे सरकू दिली. रोमन आत घुसत गेले आणि चहूबाजूंनी वेढले गेले. काय अफाट डोकं! पण हा डाव चालायला शत्रू आत यावा लागतो. सुबुताई आलाच नसता. त्याचे घोडेस्वार लांबून बाण सोडत राहिले असते. १२२३ मध्ये कालका नदीच्या लढाईआधी त्याने आणि त्याचा साथी मंगोल सेनानी जेबेने कित्येक दिवस माघारीचं नाटक केलं, पाठलागात रशियन सैन्य विस्कळीत झालं आणि मग मंगोल उलटले. हॅनिबलचे उत्तर आफ्रिकेतले नुमिडियन स्वार चपळ, पण त्यांच्या हाती भाले. शिवाय हॅनिबलच्या काळी घोड्यावर पाय रोवायला रिकीबही नव्हती.

मात्र हीच गाठ इटलीतल्या त्रासिमेनो सरोवराकाठी पडली तर? एका बाजूला डोंगर, दुसरीकडे पाणी. इ.स.पू. २१७ मध्ये हॅनिबलने तिथेच दबा धरून रोमन सैन्याचा धुव्वा उडवला होता. तिथे मी हॅनिबलच्या बाजूने. अर्थात सुबुताईचे टेहळे आधी पोचले नाहीत तर!

तुमचा कौल कुणाला?