उपेक्षिताचा सूड : लघुनाट्ये आणि तेरची कथा

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक-दोन मिनिटांच्या भागांत उलगडणारी लघुनाट्ये आज लोकप्रिय आहेत. चीनमध्ये ‘द्वानज्यू’ या नावाने रूढ झालेला हा प्रकार आता भारतीय भाषांतही आला आहे. त्यांतील पुष्कळांचे कथासूत्र एकच असते : भरसभेत अपमानित झालेला जावई, सून किंवा नोकर अखेरीस सर्वांहून श्रेष्ठ ठरतो आणि अपमान करणारे खजील होतात. शेवट आधीच ठाऊक असूनही प्रेक्षक त्यात रमतो. या आकर्षणाचे मूळ कशात आहे, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

सूड म्हणजे शत्रूची हानी, एवढेच मानल्यास उलगडा होत नाही. तीच हानी गुपचूप घडली, तर प्रेक्षकाचे समाधान होत नाही. तिला साक्षीदार लागतात. अपमान चारचौघांत झालेला असतो, म्हणून निवाडाही चारचौघांतच फिरावा लागतो. मराठी वगाला हे मर्म पूर्वीपासून अवगत आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यात कोतवालपद डावलले गेलेला हवालदार मैनावतीच्या साहाय्याने नव्या कोतवालाला राजाचा पलंग चोरावयास लावतो. कोतवालाची अपात्रता राजापुढे उघडी पडते, तेव्हाच प्रेक्षकाला न्याय झाल्यासारखे वाटते.

तेर येथील गोरोबाकाकांची प्रसिद्ध कथा वरवर पाहता याच घाटाची आहे. संतांच्या मेळाव्यात कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, हे ठरविण्याचा अधिकार एका कुंभाराकडे येतो. गोरोबा थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पाहतात. विठ्ठलाचे लाडके नामदेव तेवढे रागावतात आणि कच्चे ठरतात. महिपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) ही कथा सांगितली आहे. येथवर अपमान आहे, साक्षीदार आहेत, रुसवाही आहे. लघुनाट्य असते, तर पुढच्या भागात गोरोबांची फजिती झाली असती. परंतु नामदेव गाऱ्हाणे घेऊन विठ्ठलाकडे जातात, तेव्हा प्रत्यक्ष देवच कुंभाराचा निवाडा उचलून धरतो आणि नामदेवांना विसोबा खेचरांकडे जावे लागते.

भेद येथे आहे. सूडकथेतील नायक आरंभापासूनच पक्का असतो. त्याचे मोल केवळ झाकलेले असते, ते उघड झाले की काम संपते. त्याला बदलावयाचे नसल्यामुळेच कथा दोन मिनिटांत मावते आणि नव्या पात्रांसह पुनःपुन्हा सांगता येते. तेरच्या कथेला मात्र काळ लागतो, कारण मडके भाजावयाचे असते.

तथापि, एवढ्यावरून सूडकथेला हीन लेखणे अन्यायाचे होईल. चोखोबांना मंदिराबाहेर ठेवणारा निवाडा मुळातच खोटा होता. त्यांना ‘अजून पक्के व्हा’ असे सांगणे क्रौर्य ठरले असते. तेथे निवाडा फिरविणे हाच न्याय. ज्यांचा अपमान जातीने, दारिद्र्याने वा परावलंबनाने रोजच होतो, त्यांना असा न्याय दोन मिनिटांपुरता तरी पाहावासा वाटला, तर त्यात नवल नाही.

म्हणून या नाट्यांचा अभ्यास करताना प्रत्येक कथेला एक प्रश्न विचारावा लागेल : नायकाला अपात्र ठरविणारा निवाडा खोटा होता की खरा? लघुनाट्य तो नेहमीच खोटा मानून चालते. त्याचे सांत्वन यात आहे, आणि त्याची मर्यादाही यातच आहे.