नावेची गाडी आणि नावेची पकड

मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेजवळ बहुधा एकच नाव असते आणि पाणी मात्र अनेक ठिकाणी असते. पावसाळ्यात तलावांत कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडावयाचे, हिवाळ्यापासून जाळी लावावयाची, आणि उन्हाळ्यात लहान तलाव आटू लागले म्हणजे तीच नाव मोठ्या जलाशयाकडे न्यावयाची, असा हा क्रम आहे. पूर्वीचा अखंड लाकडाचा डोंगा ज्या पाण्यात उतरे, तेथेच बहुधा त्याचे आयुष्य सरे. फायबरची नाव तुलनेने हलकी असल्यामुळे ती ट्रॅक्टरमागे घालून गावोगाव फिरविता येते. ही मोठीच सोय होय. तथापि उघड्या ट्रॉलीत तणसाच्या पेंढ्या पसरून, त्यांवर नाव ठेवून, हाती लागेल त्या दोराने ती आवळण्याची जी रीत पडली आहे, ती नावेला आणि रस्त्यावरील माणसांना सारखीच घातक आहे.

मिहानच्या परिसरात हा धोका विशेष जाणवतो. 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली व पुढे खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शिवारात मालवाहतुकीचे केंद्र व कारखाने यांचा हा प्रकल्प उभा राहिला. जेथे कापसाच्या बैलगाड्या चालत, तेथे आज कंटेनरचे अवजड ट्रक धावतात. हिंगण्याच्या बाजूने नाव घेऊन बुटीबोरीमार्गे उमरेड तालुक्यातील वडगाव जलाशयाकडे जाणाऱ्यास याच वर्दळीतून वाट काढावी लागते. अशा रस्त्यावर नाव जागची हलली, तर मागून येणाऱ्या मोटरसायकलस्वारास सावरण्यास अवधी मिळत नाही.

नावेसाठी स्वतंत्र गाडी करून घेणे हा खरा उपाय आहे. गावचा लोहार किंवा वेल्डिंगवाला ती करू शकतो; मात्र माप नावेचे घ्यावे, जवळ पडलेल्या लोखंडाचे नव्हे. नाव तिच्या तळाच्या कण्यावर, ज्यास कोकणातील खलाशी पठाण म्हणतात त्यावर, मधोमध टेकली पाहिजे आणि दोन्ही बाजूंस लांब लाकडी पाट्यांनी तिला आधार मिळाला पाहिजे. सपाट तळाच्या नावेस मधला आधार व बाजूचे पाटे यांची उंची सारखी लागते. हे पाटे नावेच्या मागच्या फळीच्या अगदी खालपर्यंत पोहोचावेत. ज्या फळीवर इंजिन बसते, तेथेच सर्वांत अधिक भार असतो. पाटे हातभर आखूड राहिले, तर प्रत्येक खड्ड्यात नावेचे शेपूट लोंबते आणि तळास बाक येतो. अशी नाव पुढे पाण्यात सरळ चालत नाही व दोष मात्र इंजिनास दिला जातो. पाट्यांवर काथ्याची पट्टी घट्ट बसवावी व खिळ्यांची डोकी आत बुडवावीत.

यानंतरचा विचार तोलाचा. बैलगाडी हाकलेल्या माणसास हा निराळा शिकवावयास नको. मागे ओझे वाढले की गाडी उलाळ होते, आणि पुढे वाढले की जू बैलाच्या मानेवर बसते. एका आसाच्या नावगाडीचेही तसेच आहे. गाडी, नाव व सामान मिळून जो भार होईल, त्याचा 7 ते 10 टक्के भाग जोडदांडीच्या टोकावर यावा. गाडी 250 किलो, नाव 300 किलो आणि जाळी व इंजिन 50 किलो धरल्यास एकूण 600 किलो होतात. म्हणजे दांडीच्या टोकावर 42 ते 60 किलो हवेत. हे अंदाजाने ठरवू नये. गाडी सपाट जागेवर उभी करून, दांडी जोडताना जितकी उंच असते तितक्याच उंचीवर तिचे टोक वजनकाट्यावर टेकवावे. भार कमी भरल्यास आस थोडी मागे सरकवावी किंवा नाळ टेकण्याचा खांब पुढे घेऊन नाव पुढे आणावी. तोल मागे गेलेली गाडी वेग वाढताच झोके खाऊ लागते.

आता बांधणी. नावेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खांबावरील रबरी खोबणीत घट्ट टेकवून विंचच्या पट्ट्याने ओढून धरावी. पण विंचवर सर्व भरवसा ठेवू नये. त्याचा एक दात निसटला तर नाव मागे घसरू लागते, म्हणून नाळेच्या कडीतून स्वतंत्र साखळी गाडीच्या सांगाड्यास बांधलीच पाहिजे. मागील दोन्ही कोपऱ्यांतील कड्यांतून रॅचेटचे दोन पट्टे खाली सांगाड्यापर्यंत ताणावेत. पट्टा कडेवर घासत असेल तेथे जाड कापड घालावे. मधून एक आडवा पट्टा घेण्यास हरकत नाही; मात्र तो इतका आवळू नये की फायबरची काठ आत दबेल.

नायलॉनचा दोर बळकट असतो, पण ताणला जातो व भिजल्यावर अधिकच. काथ्याचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो. या कामास पॉलिएस्टरचे विणलेले पट्टेच घ्यावेत व ते उन्हात पडू देऊ नयेत. निघाल्यापासून सात-आठ किलोमीटरवर एकदा थांबून प्रत्येक पट्टा हाताने तपासावा, कारण नाव बसते ती रस्त्याच्या पहिल्या धक्क्यांनी.

पावसाचाही विचार करावा लागतो. 23 सप्टेंबर 2023 रोजी पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला व नाग नदीकाठच्या वस्त्यांतून लोकांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथकांस जावे लागले. अशा वेळी गाडीवर तयार बांधलेली नाव अमोल ठरते. परंतु सुमारे 6 चौरस मीटर तोंडाची नाव तेवढ्या पावसात उघडी राहिली, तर तिच्यात 600 लिटर, म्हणजे 600 किलो पाणी साचते. गाडीवरील भार त्यामुळे दुप्पट होतो आणि पाटे, स्प्रिंगा व पट्टे यांपैकी जे दुबळे असेल ते तुटते. म्हणून नाव गाडीवर असेतो तळाचे बूच काढलेले असावे, नाळेची बाजू किंचित उंच ठेवावी आणि वरून ताडपत्री घालावी. काढलेले बूच दोरीने विंचच्या मुठीस बांधून ठेवावे, म्हणजे नाव उतरविताना ते हातात येतेच.

काठावर पोहोचताच चाके पाण्यात घालण्याची घाई करू नये. लांबून आलेल्या गाडीचे बेअरिंग तापलेले असतात. थंड पाण्यात ते एकदम आकसतात आणि आत पाणी ओढून घेतात. अर्धा तास गाडी उभी ठेवावी, तेवढ्यात जाळी व वल्ही उतरवून घ्यावीत, आणि हाताला चाकाचा तुंबा थंड लागल्यावर मग बूच बसवून गाडी मागे घ्यावी. मागचे पट्टे आधी सोडावेत. नाळेची साखळी मात्र नाव पाण्यावर तरंगू लागेपर्यंत सोडू नये.