निर्दोष ठरल्यानंतरचा अर्ज

खोट्या खटल्यातून माणूस निर्दोष सुटला, की आपल्यापुरती बातमी संपते. न्यायालयाच्या पायऱ्यांवरचे छायाचित्र छापून येते आणि आपण पान उलटतो. त्या माणसाच्या हाती मात्र त्यानंतर एक अर्ज येतो. किती वर्षांचे उत्पन्न बुडाले? पुरावा जोडा. घर किती किमतीला विकावे लागले? पुरावा जोडा. प्रकृतीवर काय परिणाम झाला? पुरावा जोडा. हा अर्ज कोण तयार करतो, तो कोण तपासतो आणि रिकामा राहिलेला रकाना कोणाच्या विरोधात धरला जातो, यावर त्या माणसाच्या पदरात किती न्याय पडणार हे ठरते. भरपाईच्या रकमेची चर्चा पुष्कळ होते, अर्जाची फारशी होत नाही. म्हणून हा लेख अर्जाविषयी आहे.

त्यासाठी ब्रिटनमधल्या पोस्ट ऑफिस प्रकरणाकडे पाहावे असे मला वाटते. तिथल्या चौकशी आयोगापुढच्या साक्षी आणि कागदपत्रे कोणालाही वाचायला खुली आहेत. भरपाईच्या योजना कशा आखल्या, कुठे अडल्या आणि का बदलाव्या लागल्या, हे त्यांतून टप्प्याटप्प्याने दिसते.

पडद्यावरचा आकडा

ब्रिटनमधली बहुतेक पोस्ट ऑफिसे सरकारी नोकर चालवत नाहीत. गावातला एखादा दुकानदार करारावर पोस्टाचा गल्ला सांभाळतो. त्याला सब-पोस्टमास्टर म्हणतात. अनेकांनी आयुष्यभराची पुंजी घालून अशी दुकाने घेतलेली होती, आणि त्यांत दक्षिण आशियातून तिथे स्थायिक झालेली कुटुंबेही बरीच होती. १९९९पासून या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. ती पुरवणारी कंपनी जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती.

थोड्याच दिवसांत गल्ल्यातली रोकड आणि पडद्यावरचा हिशेब जुळेनासा झाला. हॅम्पशरमधल्या एका खेड्यातल्या जो हॅमिल्टन यांनी मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून सांगितल्याप्रमाणे त्यांनी कळा दाबल्या, तर दोन हजार पौंडांची तूट डोळ्यांदेखत चार हजारांवर गेली. फोन करणाऱ्या अनेकांना, ‘अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे,’ असे सांगण्यात आले. निष्काळजीपणा किंवा चूक यांमुळे आलेली तूट सब-पोस्टमास्टरने भरून द्यायची, असे करारात होते. पोस्ट ऑफिसने त्याचा अर्थ, दिसेल ती प्रत्येक तूट त्यानेच भरायची, असा लावला. लोकांनी दागिने विकले, नातेवाइकांकडून उसने घेतले, घरे गहाण टाकली.

ज्यांना भरता आले नाही त्यांच्यावर चोरीचे, अफरातफरीचे, खोटे हिशेब लिहिल्याचे खटले झाले. इंग्लंड-वेल्समध्ये खासगी फिर्यादीला स्वतः फौजदारी खटला चालवता येतो. त्यामुळे इथे नुकसान झाल्याची तक्रार करणारी, तपास करणारी आणि खटला चालवणारी संस्था एकच होती. शिवाय १९९९मध्ये तिथल्या पुरावा कायद्यातले एक कलम रद्द झाले होते. संगणक बरोबर चालत होता हे दाखवण्याची जबाबदारी त्यामुळे फिर्यादीवर उरली नाही. यंत्र बरोबरच आहे असे गृहीत धरले जाई आणि ते चुकले हे आरोपीने दाखवायचे. यंत्राच्या आतली नोंद मात्र त्याला पाहता येत नसे. चोरीचा आरोप मागे घेतो, खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा, अशी तडजोड अनेकांनी तुरुंग टाळण्यासाठी पत्करली. जो हॅमिल्टन त्यांपैकीच. सीमा मिश्रा यांनी गुन्हा नाकारला. नोव्हेंबर २०१०मध्ये, गरोदर असताना, थोरल्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी त्या तुरुंगात गेल्या.

अशा रीतीने ९००हून अधिक लोक दोषी ठरले. त्यांपैकी सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतः चालवले होते.

विजय आणि वीस हजार पौंड

वेल्समधल्या लँडुड्नो इथली शाखा गमावलेले ॲलन बेट्स यांनी २००९मध्ये समदुःखितांची संघटना उभी केली. पुढे ५५५ जणांनी मिळून दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९मध्ये न्या. फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे खोटी तूट दिसू शकत होती, असा निकाल दिला. त्याच महिन्यात पोस्ट ऑफिसने ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड देऊन तडजोड केली.

आकडा मोठा दिसतो. पण वकिलांचा आणि दाव्यासाठी पैसा पुरवणाऱ्या कंपनीचा हिस्सा वजा जाता दर माणशी सुमारे २० हजार पौंड उरले. अनेकांनी खोटी तूट भरण्यासाठी घातलेली रक्कमच याहून मोठी होती. खटला जिंकूनही ते तोट्यात राहिले.

एका अन्यायाच्या अनेक खिडक्या

यानंतर भरपाईच्या योजना एकामागून एक निघाल्या. मे २०२०मध्ये पहिली योजना आली ती ज्यांच्यावर खटला झाला नाही, पण ज्यांनी तूट भरली त्यांच्यासाठी. ५५५ जणांना तिच्यात जागा नव्हती, कारण त्यांनी तडजोडीत ‘अंतिम’ म्हणून सही केली होती. सर्वांत आधी लढणाऱ्यांनाच सर्वांत कमी मिळाले, हे लक्षात आल्यावर त्यांच्यासाठी २०२३मध्ये सरकारच्या व्यापार मंत्रालयाने वेगळी योजना सुरू केली. न्यायालयाने ज्यांची शिक्षा रद्द केली त्यांच्यासाठी तिसरी. पुढे कायद्याने ज्यांची शिक्षा पुसली त्यांच्यासाठी जुलै २०२४मध्ये चौथी.

पहिली आणि तिसरी योजना चालवायला दिली होती खुद्द पोस्ट ऑफिसकडे. ज्याने तूट वसूल केली, त्याच्याच दारात ती परत मागायला जायचे. रक्कम ठरवण्यात बाहेरच्या तज्ज्ञांचा सल्ला होता, हे खरे. पण पत्रावरचे नाव तेच होते. ते नाव पाहून अर्जच न करणारे लोकही होते.

पहिल्या योजनेत अर्ज भरताना वकिलाचा खर्च मिळत नसे. आता नुकसानीचे प्रकार पाहा. भरलेली तूट, बुडालेले उत्पन्न, कवडीमोल विकलेले दुकान आणि घर, त्यावरचे व्याज हा मोजता येणारा भाग. तुरुंगवास, बदनामी, आजारपण, मोडलेले संसार हा दुसरा. यांतले काय काय मागता येते हे कायद्याच्या जाणकाराला ठाऊक असते, गावातल्या दुकानदाराला नसते. त्याने भरलेली तूट तेवढी लिहिली आणि बाकीचे रकाने सोडून दिले. जे मागितले नाही ते मिळाले नाही. पुढे असेही दिसले, की मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा प्राप्तिकरात जातो आहे. तेव्हा २०२३मध्ये सरकारला वेगळी पूरक रक्कम द्यावी लागली.

रिकामे रकाने

दावा तपासणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. पैसा जनतेचा असतो. कोणी वाढवून मागेल, कोणी खोटे मागेल, म्हणून तो कागद मागतो. एरवी ही रीत योग्यच. पण इथे कागद का नाहीत? तपासनीस आले तेव्हा शाखेतल्या वह्या, पावत्या घेऊन गेले. काहींचे दुकान दुसऱ्याच्या ताब्यात गेले, काहींचे घर. त्याला पंधरा-वीस वर्षे लोटली. बँकाही इतक्या जुन्या नोंदी ठेवत नाहीत. म्हणजे पुरावा नसणे हा त्या अन्यायाचाच परिणाम आहे, आणि अर्ज तोच पुरावा मागतो आहे.

खटल्यात यंत्राचा आकडा खरा धरून, तो खोटा असल्याचे माणसाने सिद्ध करायचे होते. भरपाईतही नुकसान शून्य धरून, ते किती हे माणसानेच सिद्ध करायचे. दोन्हीकडे शंकेचा फायदा संस्थेला. अर्जदारांना दुसऱ्यांदा आरोपी झाल्यासारखे वाटले, त्याचे मूळ इथे आहे. अर्ज गेला, की अधिक माहिती मागवणारे पत्र येई, ती दिली की आणखी एक. खुद्द बेट्स यांना आलेला पहिला प्रस्ताव मागणीच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास होता. तो त्यांनी नाकारला.

ठरावीक रक्कम

यातून वाट काढताना ब्रिटनने दोन उपाय केले. पहिला, अंतरिम रक्कम. शिक्षा रद्द झालेल्याला पूर्ण दाव्याची वाट न पाहता आधी एक लाख पौंडांपर्यंत मिळू लागले. ती मर्यादा नंतर वाढवत नेली. हाती पैसे असलेला माणूस कमी रकमेवर घाईने सही करत नाही.

दुसरा, ठरावीक रक्कम. २०२३पासून शिक्षा रद्द झालेल्यांपुढे सहा लाख पौंडांचा पर्याय ठेवला गेला. २०२४मध्ये इतर योजनांत ७५ हजारांचा. हिशेब नको, वैद्यकीय अहवाल नकोत, रक्कम घ्या आणि मोकळे व्हा. ज्याला ही कमी वाटते त्याने सविस्तर दावा करावा. पात्रता मान्य झाली, की पुराव्याचा भार उतरला. दावे झपाट्याने निकाली निघू लागले आणि २०२५च्या मध्यापर्यंत सर्व योजनांतून मिळून एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम वाटली गेली.

या सोयीलाही किंमत आहे. ज्याचे नुकसान थोडे त्याला ही रक्कम भरपूर. ज्याचे सर्वस्व गेले, त्याने मात्र वर्षानुवर्षे थांबायचे की थकून ठरावीक रक्कम घ्यायची, हे ठरवायचे. म्हातारा, आजारी माणूस काय निवडेल हे सांगायला नको. न्या. विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०२५मध्ये पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात याच ठिकाणी बोट ठेवले आहे. निवड करण्यापूर्वी प्रत्येकाला मोफत कायदेशीर सल्ला मिळावा, ‘पूर्ण आणि न्याय्य भरपाई’ म्हणजे काय याची व्याख्या जाहीर करावी, जवळच्या कुटुंबीयांचाही विचार व्हावा, अशा त्यातल्या शिफारशी आहेत. या छळामुळे किमान १३ जणांनी आत्महत्या केल्या असाव्यात, अशी नोंदही त्याच खंडात आहे.

रेषेच्या अलीकडे, पलीकडे

जानेवारी २०२४मध्ये या प्रकरणावरची दूरचित्रवाणी मालिका घराघरांत पाहिली गेली. मेमध्ये संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. हे अभूतपूर्व होते. तरी कायदा म्हटला की रेषा येतेच. या शिक्षापुशीत केंद्रीय निवृत्तिवेतन खात्याने चालवलेले खटले बसले नाहीत. वरच्या न्यायालयाने ज्यांचे अपील आधीच फेटाळले होते, ते वगळले गेले. होरायझनच्या आधी ‘कॅप्चर’ नावाची प्रणाली होती, तिच्यामुळे अडकलेलेही बाहेर राहिले.

आणि ज्यांच्यावर मालिका झाली नाही त्यांचे काय? ब्रिटनमध्ये चुकीच्या शिक्षेबद्दल भरपाईचा १९८८पासूनचा सर्वसाधारण कायदा आहे. २०१४मध्ये तो इतका आवळला गेला, की शिक्षा रद्द होणे पुरत नाही. आपण गुन्हा केलाच नव्हता, हे नव्या पुराव्याने निःसंशय दिसले पाहिजे. फौजदारी न्यायात निर्दोषत्व गृहीत धरतात. इथे ते सिद्ध करावे लागते.

आपल्याकडे

आपल्याकडे अर्जच नाही. १९८३मध्ये ‘रुदुल साह’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, निर्दोष ठरल्यावरही १४ वर्षे डांबून ठेवलेल्या माणसाला ३५ हजार रुपये दिले. तेव्हापासून भरपाई मिळते ती रिट याचिकेच्या वाटेने, न्यायालयाला योग्य वाटेल तेव्हा आणि वाटेल तेवढी. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८मध्ये ५० लाख रुपये मिळाले आणि पुढे केरळ सरकारने १ कोटी ३० लाख दिले. ते योग्यच झाले. २००३च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना फाशी सुनावली गेली होती. मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि महाराष्ट्र सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षांचा हिशेब केला, तर दिवसाला पंचाऐंशी रुपयांच्या आसपास पडतात. या दोन रकमांमधले अंतर कोणत्या मोजपट्टीने ठरले? अशी मोजपट्टी अस्तित्वातच नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८मध्ये २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष न्यायालये सुचवली. तातडीच्या गरजेसाठी अंतरिम रकमेचीही सूचना केली. मात्र पोलीस किंवा फिर्यादी पक्षाने दुष्ट हेतूने, सद्भाव न ठेवता खटला चालवला, हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच ठेवला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही योजना आलीच नाही. तिच्यात आधारहीन अटकेबद्दल भरपाईचे जुने कलम कायम आहे. त्याची कमाल मर्यादा एक हजार रुपये, आणि तीही अटक घडवून आणणाऱ्या व्यक्तीने द्यायची.

उद्या आपल्याकडे अशी योजना झाली, तर ब्रिटनने पंचवीस वर्षांची किंमत मोजून शिकलेल्या चार गोष्टी सुरुवातीलाच घेता येतील. दावा तपासणारा ज्याने अन्याय केला तो नसावा. अंतरिम रक्कम आधी द्यावी. वकील अर्ज भरण्याच्या आधी मिळावा. आणि जो कागद सरकारी कपाटात आहे, किंवा सरकारी कारवाईमुळे नाहीसा झाला आहे, तो दावेदाराकडे मागू नये. त्या मजुरांकडे पालावरच्या आयुष्यातली कोणती पगारपावती असणार? त्यांच्या बुडालेल्या कमाईचा रकाना रिकामाच राहील. तो भरण्याचे काम सरकारचे आहे, हे योजनेच्या पहिल्याच कलमात लिहावे लागेल.